पालकाचा प्रतिनिधी

सोमवार, ७ जुलै

आज मधल्या सुट्टीत हेडसरांनी बोलावलं आणि माझ्या गळ्यात नवं लोढणं अडकवलं. सरकारचं परिपत्रक आलंय. नववी-दहावीला आठवड्यातून एक तास, नाव 'वाढतं वय'. शरीर, त्यातले बदल, मुलगा-मुलगी संबंध, आणि नको त्या वयातलं बाळंतपण कसं टाळायचं, सगळं स्पष्ट शब्दांत शिकवायचं. प्रत्येक शाळेने एक शिक्षक नेमायचा.

विज्ञानाच्या सरांनी लगेच सांगितलं, मला पाठीचा त्रास आहे. पाठीचा आणि या विषयाचा संबंध काय, ते मी विचारलं नाही. खेळाच्या बाई तयार होत्या, पण त्यांना सातवा महिना. त्यांना बघून मुलं भलते प्रश्न विचारतील म्हणून त्या नकोत. उरले मी, भूगोलाची.

"बाई, नकाशे तुम्ही छान समजावता. हाही एक नकाशाच समजा," हेडसर म्हणाले.

"सर, मी बिनलग्नाची."

"म्हणूनच तर. स्वतःचं सांगताय असं कुणी म्हणणार नाही."

नाही म्हणणार होते. पण गेल्या वर्षी दहावीतल्या दोन मुली दिवस राहिले म्हणून शाळा सोडून गेल्या. दाखल्यावर कारण 'कौटुंबिक अडचण'. त्यातली एक मागच्या रस्त्यावर फळांच्या गाड्यावर बसते, मांडीवर बाळ. मला बघितलं की मान खाली घालते आणि मीही घालते. तिची आठवण झाली आणि तोंडातून हो निघून गेलं.

परिपत्रकात एक मेख आहे. मुलांना शिकवण्याआधी तोच तास शनिवारी पालकांसमोर घ्यायचा आणि शेवटी हात वर करून मत घ्यायचं. निम्म्याहून जास्त हात वर आले तर सोमवारपासून मुलांचा वर्ग सुरू. नाही आले तर पुढच्या शनिवारी पुन्हा पालकांचाच तास, शंकानिरसनासाठी. मंजुरी मिळेपर्यंत असंच.

घरी ताईला सांगितलं. भावजी गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

बुधवार, ९ जुलै

सरकारकडून तक्ते आले. पुरुषाचा एक, स्त्रीचा एक. उघडून बघते तर छापणाऱ्या कुणा शहाण्याने डोक्यापासून बेंबीपर्यंत छापलंय आणि खाली गुडघ्यापासून पाय. मधला सगळा मुलूख पांढरा. त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, 'शिक्षकांनी तोंडी स्पष्ट करावे.'

नकाशांच्या खोलीत तक्ते लावायला भिंगरी होती. ही नववीतली मुलगी. नाव वेगळं आहे, पण एका जागी ठरत नाही म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागले आणि आता अख्खी शाळा म्हणते. मुलींना काम सांगितलं की तोंडं वाकडी होतात, ही आपणहून येते. तक्त्याकडे बघून म्हणाली, "बाई, यांचं मधलं कुठे गेलं?"

"सरकारजमा झालं," मी म्हटलं. दोघी हसलो.

मग मी नद्यांच्या एका फाटक्या नकाशाच्या पाठीवर मधला मुलूख स्वतः काढला. हात चांगला आहे माझा. भिंगरी बघत होती म्हणून तिला बाहेर पाठवलं. मंजुरीच्या आधी मुलांना दाखवायचं नाही, असं परिपत्रकात आहे.

शनिवार, १२ जुलै

पहिला तास. सभागृहात चाळीसेक पालक होते. बाप मागच्या भिंतीला टेकून उभे, आया पुढे बाकांवर. मी माझा नकाशा उलगडला तसे निम्मे बाप फोनवर बोलत बाहेर गेले. एकाचाही फोन वाजला नव्हता.

उरलेल्यांतला एक म्हणाला, "या वयात हे शिकवलं तर पोरं शिकतील ना!"

"शाळेत पोरं शिकायलाच येतात," मी म्हटलं. आया हसल्या, तोही निघून गेला.

पुढे तास कसा गेला कळलं नाही. मत घेतलं तर एकही हात वर नाही. मी खट्टू झाले. कारण विचारलं तर तिसऱ्या बाकावरून इस्त्रीवाली म्हणाली, "बाई, आम्हालाच अर्धं कळलं नाही. पुन्हा घ्या."

इस्त्रीवाली म्हणजे भिंगरीची आई. शाळेच्या वळणावर तिचं इस्त्रीचं दुकान आहे, नवरा मालट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. ती माझीच विद्यार्थिनी. दहावीच्या वर्षात मध्येच शाळेतून गेली, ती भिंगरीच्या वेळी. भूगोलात पहिली यायची.

शनिवार, १९ जुलै

आज साठच्या वर आया आल्या. बाप दोन, तेही बायकांनी धरून आणलेले.

आज प्रश्नांना तोंड फुटलं. पण स्वतःचा प्रश्न कुणीच विचारत नाही, सगळ्या शेजारणीचा विचारतात. "बाई, आमच्या शेजारणीला चौथं नकोय, पण नवरा ऐकत नाही, तर तिने काय करावं?" "बाई, शेजारणीची पाळी दोन-दोन महिने येत नाही." या गावच्या शेजारणीला किती व्याधी आहेत, बिचारी अजून जिवंत कशी आहे कळत नाही. मी तोंड सरळ ठेवून प्रत्येक शेजारणीला उत्तर दिलं. कुठल्या गोळ्या, कोणता दवाखाना, कोण डॉक्टरीण नीट बोलते, सगळं. एक जण मागून म्हणाली, "हे मला तिसऱ्याच्या आधी कुणी सांगितलं असतं तर!" मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे शेजारणीला."

सगळं सभागृह हसलं. मीही.

मत घेतलं. हात शून्य. म्हणे अजून शंका आहेत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काय खोटं नाही. पण खरं लिहायचं तर आज मला वाईट वाटलं नाही. तीस वर्षं मी नद्या आणि डोंगर शिकवले, कुणी वही सोडून माझ्याकडे बघितलं नाही. आज साठ बायका श्वास रोखून ऐकत होत्या.

गुरुवार, २४ जुलै

भिंगरीने आज विचारलं, "बाई, आमचा तास कधी?"

"तुझ्या आईने हात वर केला की."

"ती नाही करणार."

"करेल गं. तुला कसली एवढी घाई?"

"सहजच," म्हणाली आणि फळा पुसत राहिली. तो आधीच पुसलेला होता.

सुटल्यावर नकाशांची गुंडाळी घरी न्यायची होती. फाटकापाशी सायकलच्या दुकानातला मुलगा उभा होता. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतून दहावी झाला, आता काकाच्या दुकानात सायकली दुरुस्त करतो. धावत आला, माझ्या हातातलं ओझं घेतलं, घरापर्यंत आणून दिलं. भिंगरी बरोबर होती, तिचं दप्तरही त्यानेच घेतलं. इतका नम्र मुलगा हल्ली औषधाला सापडत नाही. ताईला तसं म्हटलं तर ती खिडकीतून बघत म्हणाली, "नम्र आहे खरा. ती मात्र आज गप्प होती." ताईला प्रत्येकात काही ना काही दिसतं.

शनिवार, २६ जुलै

तिसरा तास. सभागृह अपुरं पडलं. लग्न झालेल्या मोठ्या बहिणी, माम्या, काकवा, सगळ्या. परिपत्रकात 'पालक किंवा पालकाचा प्रतिनिधी' असं आहे, त्यामुळे हेडसर कुणाला अडवू शकत नाहीत.

आज शिक्षणखात्याचे तपासनीस आले होते. मागे बसून ऐकलं. नंतर म्हणाले, दुसऱ्या शाळांत पालक येत नाहीत म्हणून रडतात, तुमच्याकडे जागा नाही म्हणून! माझ्या नकाशाचा फोटो काढून घेतला. हेडसरांची छाती दोन इंच वाढली. माझी किती वाढली ते लिहीत नाही.

मत: शून्य. तपासनीस म्हणाले, काही हरकत नाही, प्रक्रिया चालू आहे हे महत्त्वाचं.

घरी येऊन ताईला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "तुला तरी तो हात वर यायला हवाय का गं?"

मी म्हटलं, असं काय बोलतेस. ती म्हणाली, काही नाही, जेवायला चल. मी जेवले, पण तिच्याशी बोलले नाही.

मंगळवार, २९ जुलै

खेळाच्या बाई सांगत होत्या, भिंगरीचं लक्ष नाही. धावण्याच्या सरावाला येते आणि मैदानाच्या कडेला बसून राहते. मी म्हटलं, वय आहे, होतं असं.

दुपारी ती नकाशांच्या खोलीत आली. "बाई, एक विचारू?"

"अभ्यासाचं?"

"शनिवारी तुम्ही सांगता ना, त्यातलं."

मला खरं तर उत्तर द्यायची इच्छा झाली. पण एकदा नियम मोडला की विरोध करणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं. कुणी तक्रार केली तर सगळंच बंद पडेल. मी तिला समजावलं, मंजुरी मिळाली की सगळ्यांच्या आधी तुझा प्रश्न घेईन.

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत थोडं थांब."

"बरं," म्हणाली. समजूतदार पोरगी आहे. दुसरी असती तर हट्ट करत बसली असती.

शनिवार, २ ऑगस्ट

आज गंमत झाली.

तास सुरू करणार तोच दारात भिंगरी. म्हणाली, "आईकडे दवाखान्याच्या चादरींचा गठ्ठा आलाय, तिला यायला जमत नाही. मी तिची प्रतिनिधी."

सभागृहात एकच हशा. मी म्हटलं, अगं, ज्यांच्यासाठी मंजुरी घ्यायची तीच तू! पण हेडसर नियमाला देव मानणारे. त्यांनी खिशातून परिपत्रक काढलं, चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि जाहीर केलं, "प्रतिनिधीच्या वयाबद्दल काही लिहिलेलं नाही." बायका म्हणाल्या, बसू दे हो लेकराला. ती तिसऱ्या बाकावर, आईच्या जागी बसली.

आज मी जरा जपून शिकवलं. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तर पहिला हात तिचाच. उभी राहिली. दोन्ही हातांनी बाक धरलं होतं.

"आईने विचारायला सांगितलंय."

"विचार की."

"एकदा हो म्हटलं असेल, आणि मग मनातून नको वाटायला लागलं, तर नको म्हणता येतं का? की एकदा हो म्हटलं म्हणजे संपलं?"

मला तर धक्काच बसला. इतक्या शनिवारी एकीने हा प्रश्न विचारला नव्हता, शेजारणीच्या नावानेही नाही. आणि इस्त्रीवालीने तो पोरीच्या तोंडून विचारावा! नवरा चार दिवसांसाठी घरी येतो, त्या चार दिवसांत काय होत असेल कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहराच आला. पोरीला यातलं काही कळू नये म्हणून मी शक्य तितक्या साध्या शब्दांत उत्तर दिलं.

"येतं. कधीही येतं. काल हो म्हटलं म्हणून आज हो होत नाही. दारापर्यंत जाऊनही मागे फिरता येतं."

"त्याला राग आला तर?"

"येऊ दे. राग त्याचा आहे, त्याचं तो बघेल."

"तो म्हणाला, मग आधी हो कशाला म्हटलंस, मला फसवलंस, तर?"

"तर म्हणायचं, तेव्हा मला हो वाटलं होतं, आता वाटत नाही. यात फसवणूक कसली? आणि ज्याला तुमची काळजी आहे तो एवढ्यावर थांबतो. नाही थांबला तर तिथून निघायचं आणि घरी कुणाला तरी सांगायचं."

तिचे ओठ हलत होते. आईला नीट सांगता यावं म्हणून शब्दन् शब्द पाठ करत होती. हुशार आहे.

मग मत घेतलं. नेहमीप्रमाणे सगळ्यांचे हात मांडीवर. फक्त तिसऱ्या बाकावर एक हात वर. पुन्हा हशा. एक मामी म्हणाली, "अगं, खाली कर, तुझं मत नसतं."

"माझं नाही, आईचं आहे," ती म्हणाली. हात खाली केला नाही. हेडसरांनी मान डोलावून लिहून घेतलं, बाजूने एक.

सोमवार, ४ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर इस्त्रीवालीकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून गेले. दवाखान्याच्या चादरी अजून होत्या, घडी घालून एका बाजूला ठेवलेल्या. तिने स्टूल पुसून पुढे केलं.

मी म्हटलं, "तू विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटला. धीर लागतो त्याला. घरी काही त्रास असेल तर मला सांग. मी तुझी बाईच आहे अजून."

ती इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "कुठला प्रश्न?"

"भिंगरीच्या हाती पाठवलेला."

"मी नव्हता हो पाठवला. मी तिला सांगितलं होतं, नुसती बसून ये आणि काही झालं तरी हात वर करू नकोस."

मी तिला प्रश्न सांगितला. पहिला, दुसरा आणि तिसराही. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि भिंतीतलं बटण बंद केलं. मग म्हणाली, "बाई, तुम्ही आता जा."

मी उठले. थोडं पुढे आले आणि तिथे सायकलच्या दुकानासमोर पाय थांबले. तो नम्र मुलगा एका चाकाची तार ताणत होता. मला बघून उठला नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती मला विचारायला आली होती. दोनदा आली होती. मी तिला थांब म्हटलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

भिंगरी शाळेत आली नाही. वर्गात लक्ष लागलं नाही. दहावीला वाऱ्यांची दिशा उलटी शिकवली, एका मुलाने चूक दाखवली. ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल मी सांगत होते. तसं काहीच म्हणाली नाही, पाठीवर हात ठेवून बसली. मी रडले.

बुधवार, ६ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत इस्त्रीवाली नकाशांच्या खोलीत आली. मी उभी राहिले. माझ्या शाळेतल्या जुन्या मुलीसमोर मी अशी उभी राहीन असं कधी वाटलं नव्हतं.

"काही झालेलं नाही, बाई," ती आधी म्हणाली. मग बसली.

तिने जे सांगितलं ते असं. रविवारी त्या मुलाच्या घरचे सगळे बाहेरगावी जाणार होते. त्याने भिंगरीला घरी बोलावलं होतं. हिने हो म्हटलं होतं. आवडतो तो तिला, ते तिने लपवलं नाही. पण जसजसा रविवार जवळ यायला लागला तसं तिला जावंसं वाटेना. पण शब्द दिलाय, आता माघार घेतली तर आपण खोटे, असं तिच्या डोक्यात बसलेलं. कुणाला विचारायचं? आईला विचारलं तर आई मारेल. मैत्रिणींना विचारलं तर गावभर होईल.

"मग तिने मला विचारलं," मी म्हटलं.

"हो. आणि तुम्ही उत्तर दिलंत. त्याच संध्याकाळी तिने त्याला दुकानासमोर उभं राहून सांगितलं. तुम्ही सांगितलं तसं, शब्दन् शब्द. तो म्हणाला फसवलंस. तिने पुढचं वाक्य म्हटलं. तो चिडला, पाना आपटला, आत गेला. ही घरी आली. बस्स, एवढंच."

मी खुर्चीत बसले.

"मारलंस का तिला?"

"हात उचलला होता. ती म्हणाली, आई, मी गेले नाही ना. मग कशी मारू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते हाताच्या पाठीने पुसलं. "बाई, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पण हो म्हटलं होतं आणि मग दारात मला नको वाटलं होतं. पण मला वाटलं, आता काय, म्हटलंय ना. मला पोरगी फार प्रिय आहे, तिच्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण दारातून मागे फिरता येतं हे मला मोठी झाल्यावर, तेही पोरीच्या तोंडून कळलं."

बाहेर मुलांचा गोंगाट चालला होता.

मग मी विचारलं, "तुम्ही हात का वर करत नव्हता? शंका तर कधीच संपल्या होत्या."

ती ओशाळली. "सगळ्यांचं ठरलं होतं. हात वर केला की सोमवारपासून पोरांचा तास सुरू आणि आमचा शनिवार बंद. तेवढा वेळ कुणी आम्हाला काही विचारत नाही, आम्हीच विचारतो. असं कुठे होतं आमचं? म्हणून अळीमिळी गुपचिळी. वाटलं, पोरींना काय, अजून लहान आहेत."

मी तिला रागावू शकले नाही. मलाही तो शनिवार हवाच होता. ताईला ते दिसलं होतं.

शनिवार, ९ ऑगस्ट

मी नकाशा उलगडायला घेतला तोच इस्त्रीवाली उठून पुढे आली. म्हणाली, "बाई, आज आधी हात. शिकवणं नंतर." हेडसर म्हणाले, परिपत्रकात क्रम असा नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही जरा बसा." ते बसले.

मग ती बायकांकडे वळली. तिला सभेत बोलायची सवय नाही.

"गेल्या शनिवारी माझी पोरगी इथे आली. तुम्ही सगळ्या हसलात, मी असते तर मीही हसले असते. तिने जो प्रश्न विचारला तो माझा नव्हता. तिचा होता. तिला तिचा प्रश्न विचारायला माझं नाव घ्यावं लागलं. काय झालं ते विचारू नका, वाईट काही झालं नाही. पण एक दिवस उशीर झाला असता तर आज मी इथे उभी नसते. माझ्या पोरीने निदान माझं नाव घेतलं. तुमच्या पोरी कुणाला विचारतायत?"

मी बघत होते, एकेकीचा चेहरा बदलत होता. प्रत्येक जण मनातल्या मनात आपापल्या घरी जाऊन पोरीकडे बघत असावी. तिसरं नको असलेली ती मागची बाई तोंडावर हात ठेवून बसली होती.

इस्त्रीवालीने हात वर केला. पहिल्या बाकावर एक. मग मामी. मग पटापट. मी मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, "आणि आमचं गं? आमचा शनिवार?"

"आपल्याला आता तोंड फुटलंय, आजी," इस्त्रीवाली म्हणाली. "आपण कुठेही बसून विचारू. माझ्या दुकानात या. इस्त्री चालू असते, आत बायका कशाला बसल्यात ते कुणी विचारत नाही."

ठरलं तसं. शनिवारी दुपारी तिच्या दुकानात. मला बोलावणं आलं आहे.

हेडसर बाहेर पडताना विचारत होते, बाजूने किती लिहू? मी म्हटलं, निम्म्याहून जास्त लिहा.

सोमवार, ११ ऑगस्ट

पहिला तास, नववी. मुलं-मुली दोन्ही. आत गेले तर वर्ग इतका गप्प की परीक्षा वाटावी. काही मुलं सरकारने पाठवलेल्या नव्या पुस्तकामागे हसत होती. भिंगरी दुसऱ्या बाकावर होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही. तिचा प्रश्न सगळ्यांच्या आधी घेईन असं मी तिला कबूल केलं होतं.

पहिल्या पाठाची माझी सगळी तयारी होती. शरीराचे भाग, त्यांची नावं, माझा नकाशा. मी तो गुंडाळलेलाच ठेवला.

म्हटलं, "हे पुस्तकात शेवटी आहे. पण मी आधी सांगणार. हो म्हटल्यावरसुद्धा नको म्हणता येतं. कधीही. मुलींनाही आणि मुलांनाही. आणि समोरच्याने नको म्हटलं की थांबायचं, रुसायचं नाही. हे मला कुणी विचारलेलं नाही, मीच सांगतेय. कारण विचारायला कधी कधी उशीर होतो."

कुणी हसलं नाही. मग मी म्हटलं, "आता पान पहिलं काढा."